प्रवासाला एकच झूम लेन्स न्यायची तर कुठली? सारंगखेड्याच्या धुळीत सुरू झालेला शोध

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मी एकदा भर गर्दीत लेन्स बदलली आणि पुढे कितीतरी दिवस ते निस्तरत बसलो. दत्तजयंतीचे दिवस होते. तापीकाठचं मैदान, घोड्याची चाल दाखवत फिरणारे मालक आणि खुरांनी उडालेली पिठासारखी बारीक माती. माझ्याकडे तेव्हा १८-५५ आणि ५५-२५० मिमी अशा दोन लेन्स होत्या (आकडा जितका लहान तितकं जास्त रुंद दृश्य मावतं, जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). कॅमेऱ्यावर ५५-२५० चढवलेली होती आणि माझ्यापासून जेमतेम तीन मीटरवर एक पांढरा घोडा मागच्या दोन पायांवर उभा राहिला. फ्रेममध्ये आली ती फक्त मान. मी पाठ फिरवली, रुमालाच्या आडोशाने लेन्स बदलली, वळून पाहतो तर घोडा चारी पायांवर उभा राहून हरभरे खात होता.

संध्याकाळी घरी फोटो पाहिले. प्रत्येक फोटोत, आकाशाच्या भागात, एकाच जागी सात-आठ काळपट ठिपके. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या चिपवर, धूळ बसली होती. त्या दिवसापासून मी प्रवासात लेन्स बदलत नाही. एकच झूम, आणि ती घरून निघताना लावायची ती घरी आल्यावरच काढायची.

आता ती एक कुठली, हे ठरवायला मला दोन वर्षं लागली. तुम्हाला एवढा वेळ लागू नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

बाजारात, जत्रेत लोक कॅमेरा पाहून एक प्रश्न हमखास विचारतात, "यामा कितलं लांबनं दिखस भो?" दुकानात गेल्यावर आपणही तेच विचारतो, जरा वेगळ्या शब्दांत. २०० मिमी की ३००? पण प्रवासाच्या लेन्सला विचारायचा हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न: जवळ उभं राहून हिच्यात किती मावतं? दुसरा: हिच्यातून उजेड किती येतो? या क्रमाने गेलात तर निम्म्या लेन्स आपोआप यादीतून गळतात.

आधी स्वतःचे जुने फोटो मोजा

दुकानात जायच्या आधी एक संध्याकाळ घरी बसा. मागच्या दोन-तीन सहलींचे फोटो उघडा आणि त्यातले फक्त आवडलेले पन्नास-साठ बाजूला काढा. जे कुणाला तरी पाठवले, छापले किंवा भिंतीवर लावले, तेवढेच. फोटो कुठल्या फोकल लेंग्थला, म्हणजे किती मिमीला, काढला याची नोंद कॅमेरा फोटोतच करून ठेवतो. कम्प्युटरवर फोटोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये गेलात की डिटेल्समध्ये ती दिसते, फोनच्या गॅलरीत ‘तपशील’ उघडला की दिसते. कागदावर हे आकडे लिहून काढा.

मी हे केलं तेव्हा चक्रावलो. साठातले जवळजवळ चाळीस फोटो १८ ते ३५ मिमीमधले निघाले. १५०च्या पुढचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातलेही निम्मे लांबच्या बगळ्यांचे, जे मी पुन्हा कधी उघडूनही पाहिले नव्हते. आणखी एक गोष्ट दिसली. त्या चाळिसातले बरेचसे नेमके १८वर होते, ना १९, ना २०. फोटो असे एका टोकाला येऊन साचले की समजायचं, तिथे लेन्स संपली होती, आपली गरज संपली नव्हती. मला अजून रुंद हवं होतं आणि रिंग पुढे फिरत नव्हती.

तुमचे आकडे वेगळे निघतील. कुणाचे ५५वर साचतील, कुणाचे २५०वर. पण हा कागद हातात असला की दुकानदाराच्या बोलण्याने तुम्ही वाहून जात नाही.

आजवर फक्त फोनवरच फोटो काढले असतील, तरी अंदाज येतो. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा फुल फ्रेमच्या, म्हणजे ३६ बाय २४ मिमी सेन्सर असलेल्या कॅमेऱ्याच्या, २४ ते २६ मिमीइतकं दाखवतो. तो तुम्हाला पुरतो की तुम्ही सतत मागे सरकत असता, की उलट दोन बोटांनी चित्र मोठं करत असता, हे आठवून पाहा.

आकड्याचा खरा अर्थ: सेन्सर बघा

लेन्सवरचा आकडा सगळ्या कॅमेऱ्यांवर सारखाच दिसतो, त्यातून मावणारं दृश्य मात्र सारखं नसतं. निकॉन, सोनी, फुजीच्या क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) बॉडीवर आकड्याला दीडने गुणायचं, कॅननच्या क्रॉपवर १.६ने, त्याहून लहान मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरवर दोनने. म्हणजे माझ्या कॅननवरची १८ मिमी ही फुल फ्रेमच्या हिशोबात २९ झाली, आणि निकॉनच्या क्रॉप बॉडीवरची १८ झाली २७. पुढे मी ‘२४ची रुंदी’ म्हणेन तेव्हा फुल फ्रेमचा हिशोब धरलाय. ती हवी असेल तर निकॉन, सोनी, फुजीच्या क्रॉपवर १६ लागते आणि कॅननवर १५.

माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यात बसते तो सांधा, तर बघायलाच हवं. कॅननच्या जुन्या डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या, ईएफ लेन्स अडॅप्टर लावून नव्या आर मालिकेच्या मिररलेसवर चालतात, पण नव्या आरएफ लेन्स जुन्या बॉडीवर बसत नाहीत. निकॉनच्या डी३५००, डी५६०० यांसारख्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्सवर तिथे फोकस हाताने करावा लागतो. जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेली लेन्स घरी आणल्यावर हे कळलं तर फार वाईट वाटतं. तिथेच स्वतःच्या बॉडीवर लावून बघा.

पहिला प्रश्न: जवळून किती मावतं?

अमळनेरला माझी मावशी राहते. आखाजीला तिच्याकडे खापरावरचे मांडे असतात, सोबत आमरस. दहा बाय दहाचं स्वयंपाकघर, एका कोपऱ्यात चूल, चुलीवर पालथं घातलेलं खापर. पुरण भरलेला उंडा ती दोन्ही हातांवर असा खेळवते की तो बघता बघता मनगट ओलांडून कोपरापर्यंत पसरतो, आणि मग जराही न फाटता खापरावर उतरतो. फोटोत मावशीचा चेहरा हवा, हातावर पसरलेला मांडा हवा, खालचं खापर हवं आणि शेजारी उंडे करून देणारी सूनही हवी. मी समोरच्या भिंतीला पाठ लावून उभा होतो, तिच्यापासून दोन मीटरवर. मागे जायला जागा नाही.

आता हिशोब बघा. दोन मीटरवरून २४ची लेन्स ३ मीटर रुंदी पकडते. २८ची लेन्स पकडते अडीच मीटरच्या जरा वर. फरक दीड फुटाच्या आत-बाहेरचा. कागदावर हा फरक किरकोळ, त्या स्वयंपाकघरात मात्र दीड फूट म्हणजे आख्खी सून. माझ्या १८ मिमीत, म्हणजे खऱ्या २९त, एक तर सून कापली जायची नाहीतर खापर.

हीच अडचण प्रवासात जागोजागी येते. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात डाव्या भिंतीला महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे, सुमारे ७ मीटर लांब. ती समोरून पूर्ण घ्यायची तर २४ मिमीलासुद्धा पावणेपाच मीटर मागे जावं लागतं, आणि मूर्तीसमोरच खांबांची रांग आहे. तिथे तिरका कोन घेण्यावाचून गत्यंतर नाही. पाटणादेवीचं दाट झाडीतलं नदीपात्र, धुळ्या-जळगावातले जुने वाडे, चांगदेवाच्या मंदिराचा सभामंडप, बसची आतली बाजू, सगळीकडे पाठ कशाला तरी टेकलेली असते. लांबची गोष्ट चालत जाऊन जवळ आणता येते, निदान पुष्कळदा. भिंतीच्या पलीकडे मात्र मागे जाता येत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: प्रवासाची लेन्स २४पासून सुरू झाली पाहिजे. क्रॉप बॉडीसाठी असे पर्याय आहेत: निकॉनच्या डीएसएलआरला १६-८० मिमी एफ/२.८-४, फुजीला १६-८० मिमी एफ/४, कॅननच्या डीएसएलआरला १५-८५ मिमी. फुल फ्रेमला २४-१०५ किंवा २४-१२०. सोनीची एक २०-७० मिमी एफ/४सुद्धा आहे. तिचा लांबचा आकडा फारच छोटा वाटेल, पण वाडे, देवळं, गल्ल्या हेच ज्यांचं वेड आहे त्यांनी ती जरूर हाताळून बघावी.

दुसरा प्रश्न: उजेड किती?

नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यात काठीची राजवाडी होळी असते. सातपुड्याच्या पाड्यापाड्यांवरून माणसं येतात, मोरपिसांचे टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं, रात्रभर नाच. उजेड म्हणाल तर इकडेतिकडे लावलेले दिवे आणि शेकोट्या. तिथे आधी ओळख करून, विचारून मगच फोटो काढावेत. तो त्या लोकांचा सण आहे, आपल्यासाठी मांडलेला देखावा नव्हे.

अशा जागी लेन्सवरचा दुसरा, ‘एफ/’चा आकडा महत्त्वाचा ठरतो. तो जितका लहान, तितका उजेड जास्त. समजा नाचणाऱ्या माणसाला थोपवायला १/१२५ सेकंदाचा शटर लागतोय आणि एफ/२.८ला आयएसओ (कमी उजेडातला फोटो उजळवायचा आकडा) ६४००वर फोटो नीट उजळतोय. तोच फोटो एफ/५.६ला काढायचा तर उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो आणि आयएसओ २५६०० करावा लागतो. चेहरा तिथेच दाणेदार होऊन जातो. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रं जपण्यासाठी फ्लॅशला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. तिथे एफ/४ला आयएसओ ३२०० पुरत असेल तर एफ/६.३ला ८००० लागतो.

झूम लेन्सवर एफ/३.५-५.६ असं लिहिलेलं असतं तेव्हा पहिला आकडा फक्त सगळ्यात रुंद टोकाचा असतो. रिंग जराशी फिरवली की लेन्सचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर, आकुंचायला लागतं, आणि काही लेन्समध्ये ते मधल्या लांबीलाच शेवटच्या आकड्याशी येऊन थांबतं. हे दुकानात दोन मिनिटांत तपासता येतं. कॅमेरा अ‍ॅपर्चर मोडवर ठेवा, एफचा आकडा सगळ्यात लहान करा (म्हणजे भोक सगळ्यात मोठं) आणि हळूहळू झूम करत स्क्रीनकडे बघा. ३५ला किती, ५०ला किती, ८५ला किती, ते लिहून घ्या. बॉक्सवर ही माहिती नसते.

इथे स्टेबिलायझेशनबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. लेन्समध्ये किंवा बॉडीत असलेलं स्टेबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, समोरच्या माणसाची हालचाल नाही. अजिंठ्याची मूर्ती हलत नाही, तिथे ते वरदान आहे. १/१०च्या शटरलाही स्वच्छ फोटो येऊ शकतो. होळीच्या नाचात त्याचा काडीचाही उपयोग नाही. तरीही प्रवासाच्या लेन्सला ते हवंच, कारण आपण तिपाई घेऊन फिरत नाही. बॉडीत नसेल तर लेन्समध्ये असल्याची खात्री करा. सिग्माची १८-५० मिमी एफ/२.८ वजनाला ३०० ग्रॅमच्याही आत आणि फार गुणी आहे, पण तिच्यात स्टेबिलायझेशन नाही. टॅमरॉनच्या २८-२००तही नाही. टॅमरॉनच्या १७-७० मिमी एफ/२.८मध्ये आहे.

तिसरा प्रश्न: किती लांब?

आता तो लाडका प्रश्न. सारंगखेड्याच्या मैदानात घोडा पळतोय, तुमच्यापासून ३० मीटरवर. फुल फ्रेमवर १०५ मिमीला तिथे दहा मीटर रुंदीचं दृश्य येतं. घोडा साधारण अडीच मीटर लांब, म्हणजे चौकटीचा पाव भाग. २००ला तो जवळपास अर्धी चौकट भरतो. फरक आहेच, नाकारत नाही.

पण फोटो कापताही येतो. तुमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असेल आणि १३५ला काढलेला फोटो तुम्ही २००इतका कापलात, तर हाती ११ मेगापिक्सेल उरतात. १२ बाय ८ इंचांची चांगली प्रिंट काढायला पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात. १०५वरून २००वर कापलात तर साडेसहा उरतात. फोनवर बघायला ते भरपूर, भिंतीवर लावायला कमी. म्हणून १२०-१३५ ही माझ्या मते प्रवासाची सोयीची हद्द आहे.

आणि पक्षी? हिवाळ्यात हतनूरच्या जलाशयावर पाहुणे पक्षी येतात, म्हणून खूप जण ३००चा हट्ट धरतात. क्रॉप बॉडीवर ३०० मिमीला ६० मीटरवर पावणेपाच मीटर रुंदी दिसते. अर्ध्या मीटरचं बदक त्यात दहाव्या हिश्श्याएवढं. पक्ष्यांना ४००-६०० मिमीच्या वेगळ्या लेन्स लागतात, तो वेगळा नाद आहे आणि वेगळा खर्च आहे. प्रवासाच्या झूमवर तो लादला की पक्षीही धड मिळत नाही आणि मावशीचं स्वयंपाकघरही निसटतं.

आपल्या भागापुरती आणखी एक अडचण आहे. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ला टेकतो. सकाळी नऊनंतर काळ्या रानावरून तापलेली हवा वर उठायला लागते आणि लांबचं सगळं लवलवतं. रावेर-यावलच्या शेतांपलीकडचा सातपुडा २००-३००वर घेतलात की डोंगराची कड विरघळल्यासारखी येते. मी पहिल्यांदा लेन्सला दोष देत बसलो होतो. लेन्स कितीही महाग घ्या, मधली हवाच हलते तिथे ती काही करू शकत नाही. तो डोंगर पहाटे घ्यावा, नाहीतर पावसाची सर येऊन गेल्यावर.

वजन, धूळ आणि गळ्याची गोष्ट

धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंब्याची यात्रा असते. अश्वत्थाम्याच्या त्या शिखराकडे तासन् तास चढत जायचं, तेही बरंचसं अंधारात. किंवा तोरणमाळला सीताखाईकडे पायी हिंडायचं. अशा वेळी दोनशे ग्रॅमचा फरक गळ्याला कळतो. कॅननची आरएफ २४-१०५ एफ/४ ७०० ग्रॅमची आहे, तिचीच धाकटी एफ/४-७.१ ३९५ ग्रॅमची. निकॉनची झेड २४-१२० एफ/४ ६३० ग्रॅम, सोनीची क्रॉपसाठीची १८-१३५ अवघी ३२५ ग्रॅम. घरात लेन्स हातात घेऊन वजन कळत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर बॉडी आणि लेन्सच्या वजनाइतके तांदूळ मोजा, पिशवी गळ्यात अडकवा आणि तासभर चालून या. मी हे खरंच केलं आणि एक लेन्स यादीतून काढली.

धुळीसाठी दोन गोष्टी बघा. लेन्सच्या माउंटवर, म्हणजे कॅमेऱ्यात बसणाऱ्या धातूच्या कड्याभोवती, रबराची बारीक पट्टी आहे का? असेल तर धूळ आणि शिंतोडे बरेच अडतात. नसेल तर सारंगखेड्याला किंवा बैलपोळ्याला जाताना प्लास्टिकच्या पिशवीला भोक पाडून कॅमेऱ्यावर रबरबँडने बांधा, चालतं. दुसरं, झूम केल्यावर नळी बाहेर येते तशा लेन्स बाहेरची हवाही आत ओढतात. नळीवर माती बसलेली असताना ती आत ढकलू नका, आधी मऊ ब्रशने झटका.

मग घ्यायची कुठली?

तीन घराणी आहेत असं समजा.

पहिलं घराणं ‘सगळं एकात’ वाल्यांचं: १८-२००, १८-३००, फुल फ्रेमला २४-२००, २४-२४०, २८-२००. लहान मुलं, नातेवाईक, देऊळ, लांबचा कळस, सगळं भर उन्हात टिपायचं आणि फोनवर बघायचं असेल तर यांच्याइतकं सुख नाही. किंमत म्हणून कडा थोड्या मऊ येतात, रुंद टोकाला सरळ रेषा वाकतात (कॅमेरा त्या बऱ्याचशा सरळ करून देतो) आणि लांब टोकाला उजेड कमी पडतो. यातली फुल फ्रेमची एकच निवडायची तर मी निकॉनवाल्यांना झेड २४-२०० सुचवेन. ती ५७० ग्रॅमची आहे आणि २४पासून सुरू होते. टॅमरॉनची २८-२०० एफ/२.८पासून सुरू होते हा तिचा मोठा गुण, पण ती २८पासून आहे. मावशीची सून आठवा.

दुसरं घराणं मधलं: २४-१०५, २४-१२०, क्रॉपला १५-८५, १६-८०, १८-१३५, १८-१४०, १८-१५०. हेच माझं घराणं. निकॉनची झेड २४-१२० सगळ्या लांबीला एफ/४ देते आणि ३५ सेंटिमीटरवरूनही फोकस करते. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं, लाकडी मुसळीने ठेचलेलं भरीत, त्यावरचा तेलाचा तवंग आणि कांद्याची पात इतक्या जवळून घेता येते की वेगळी मॅक्रो लेन्स लागत नाही. किमान फोकसचं हे अंतर कुणी विचारत नाही. विचारा. प्रवासात निम्मे फोटो खाण्याचे आणि हस्तकलेचे असतात.

तिसरं, एफ/२.८वाली छोटी झूम: १७-७०, १८-५०, फुल फ्रेमला २४-७० किंवा २८-७५. रात्रीचे सण, नाच, कीर्तन, लग्न हा ज्यांचा जीव आहे त्यांच्यासाठी. काठीच्या होळीला जाताना मला हिचा हेवा वाटतो.

मी शेवटी काय घेतलं? कॅननची १५-८५, जुन्या बाजारातून. ५७५ ग्रॅम, रुंदी २४ची. पुढच्या आखाजीला त्याच भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि सून पूर्ण आली. मांड्याची कडसुद्धा न कापता.

दुकानात काय तपासायचं

स्वतःची बॉडी आणि स्वतःचं कार्ड घेऊन जा. वर्तमानपत्राचं पूर्ण पान भिंतीवर चिकटवायला सांगा, नाहीतर विटांची सपाट भिंत शोधा. कॅमेरा भिंतीला अगदी समांतर धरा आणि सगळ्यात मोठ्या अ‍ॅपर्चरला तीन फोटो काढा: रुंद टोक, मध्य, लांब टोक. स्क्रीनवर मोठं करून चारही कोपरे बघा. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा जास्त पुसट असेल तर आतली काच तिरकी बसली आहे, दुसरा नग मागा. यात संकोच करू नका.

मग लेन्स खाली तोंड करून धरा. नळी आपोआप घसरते का? माझी घसरते. तोरणमाळच्या उतारावर ती चालता चालता लांब होते, म्हणून मी तिच्यावर रुंद रबरबँड चढवलाय. लॉकचं बटण असेल तर उत्तम.

जुनी लेन्स घेत असाल तर मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने आत मारा आणि पुढून तिरकं बघा. थोडी धूळ असतेच, ती फोटोत दिसत नाही. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरट तंतू दिसले की ती बुरशी. मी पाहिलेली पहिली १५-८५ अशीच होती, विकणारा म्हणत होता की पुसली की जाईल. काचेच्या आतली बुरशी पुसून जात नाही, तशी लेन्स परत ठेवून यावं. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाचा चकचकीत थर नको. फिल्टरच्या आट्या चेपलेल्या असतील तर लेन्स पडलेली आहे. नव्या लेन्सचं बिल आणि भारतातली वॉरंटी, दोन्ही हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. बाहेरून आणलेला माल स्वस्त मिळतो, पण बिघडला की कंपनीच्या इथल्या वॉरंटीत तो बहुधा बसत नाही.

घरी आणल्यावर

हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारी कड, कायम लावा. आपल्याकडचं ऊन बाजूने शिरलं की फोटो पांढरट पडतो, आणि लेन्स आपटली तर आधी हूड फुटतो. पोलरायझर फिल्टर केळीच्या बागेत फार कामाचा. पानांवरची चकाकी मारतो आणि आतला खरा हिरवा वर येतो. पण तो एक-दोन स्टॉप उजेड खातो, म्हणजे उजेड निम्म्यावर किंवा पाव हिश्श्यावर आणतो, सावलीत काढून ठेवा. पावसाळ्यात लेन्स कपाटात कोंडून ठेवू नका. झाकणाच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि त्यांचा रंग बदलला की पुन्हा वाळवा.

पहिल्या आठवड्यात रोज अर्धा तास बाहेर पडा, फक्त रिंगची सवय करायला. कॅनन आणि निकॉनच्या झूम रिंग उलट दिशांनी फिरतात, टॅमरॉनची निकॉनसारखी फिरते. कॅननच्या बॉडीवर टॅमरॉन लावलीत तर हात चुकतो, रुंद करायला जातो आणि लांब होतं. बाजारात भाजीवाल्यांचे फोटो काढा, स्टेशनवर जा, घरातल्या मांजरामागे फिरा. डोळा व्ह्यूफाइंडरला असताना, न बघता, बोटांनी रिंग सगळ्यात रुंद टोकाला नेता आली पाहिजे. घोडा मागच्या पायांवर उभा राहतो तो दोन-तीन सेकंदच.